मोठेपणी ऑटिझम कळल्यावर: आधी दिवे, मग माणसं, शेवटी कागद

मला निदान मिळालं तेव्हा मी ३४ वर्षांची होते. तोवर घरात ‘हट्टी’, शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार, पण मिसळत नाही’ आणि ऑफिसात ‘मॅडम जरा तुटक बोलतात’ अशी माझी ख्याती होती. डॉक्टर भले होते. म्हणाले, “आता स्वतःला समजून घ्या.” रिपोर्टची फाइल मांडीवर ठेवून रिक्षाने घरी येताना मला एवढंच कळत नव्हतं की समजून घेईन, पण सोमवारी सकाळी नेमकं काय करू?

मग मी सगळं उलट क्रमाने केलं. आधी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रामागे धावले, मग मावशी-काकांना ऑटिझम म्हणजे काय ते समजावत बसले, आणि ज्या ट्यूबलाइटखाली रोज संध्याकाळी माझं डोकं उठायचं, ती बदलायला दीड वर्ष गेलं. ट्यूब बदलली त्या आठवड्यात मला जेवढा फरक पडला, तेवढा आधीच्या दीड वर्षात पडला नव्हता. म्हणून माझा क्रम आता असा आहे: आधी वस्तू बदला, मग माणसांशी बोला, कागद शेवटी.

हे ज्यांना बोलता-लिहिता येतं, जे नोकरी करतात किंवा शिकतात आणि ज्यांना निदान उशिरा मिळालं किंवा अजून नुसती शंकाच आहे, त्यांच्यासाठी आहे. ज्यांना दिवसभर सोबत लागते त्यांच्या घरच्यांना शेवटचा भाग उपयोगी पडेल. बाकी त्यांचं जगणं माझ्याहून वेगळं आहे आणि त्याबद्दल मी तोंड घालणार नाही.

एक शब्दाचं सांगून टाकते. सरकारी कागदावर ‘स्वमग्न’ असं येईल. मला तो शब्द पटत नाही. मी स्वतःत मग्न असते तर बरं होतं. माझी अडचण ही की बाहेरचं सगळं एकदम आत येतं. शेजारच्या टेबलावरचं बोलणं, पंख्याची कुरकुर, समोरच्याच्या अत्तराचा वास, सगळं सारख्याच जोरात. पण दोष भाषांतर करणाऱ्याचा नाही, मूळ शब्दातच ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ बसलेला आहे. मी स्वतःला ऑटिस्टिक म्हणते. फॉर्म भरताना मात्र जे छापलंय तेच निवडा, तिथे वाद घालून कुणाचं भलं होत नाही.

१. शंका असेल तर आधी वही करा

ऑनलाइन चाचण्या तुम्ही एव्हाना दिल्याच असतील. २००१ साली आलेली ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’ ५० प्रश्नांची, ‘राड्स-आर’ ८० प्रश्नांची. त्या चाळण्या आहेत. चाळणीत राहिलं म्हणजे निदान झालं असं नाही, आणि खाली पडलं म्हणजे सुटलात असंही नाही. निकालाचा प्रिंट काढून ठेवा, पण खरा पुरावा तुमच्या वहीत असणार आहे.

डॉक्टर दोन गोष्टी शोधत असतात. पहिली, माणसांशी देवाणघेवाण करतानाच्या सततच्या अडचणी. दुसरी, ठरावीकपणाची ओढ: त्याच त्या हालचाली, तेच वेळापत्रक, एखाद्या विषयाचं वेड, आवाज-प्रकाश-स्पर्श यांचा जास्त किंवा अगदी कमी त्रास. आणि हे सगळं लहानपणापासून असायला हवं. २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या निदान-पुस्तिकेत ही मांडणी आहे. ‘अ‍ॅस्पर्जर’ हे वेगळं नावही त्याच वेळी यात विलीन झालं. जुन्या लेखांत ते दिसलं तर गोंधळू नका.

म्हणून वहीचे दोन भाग करा. एका भागात लहानपण. आईला, आजीला, मोठ्या भावंडांना विचारा: मी बोलायला कधी लागले? खेळणी कशी खेळायचे? काय खायचे नाही? माझी आई म्हणाली, “तू भातुकली कधी खेळलीच नाहीस गं, नुसती भांडी उंचीने लावून ठेवायचीस.” हे वाक्य माझ्या रिपोर्टमध्ये जसंच्या तसं आहे. दुसऱ्या भागात आत्ताचे प्रसंग: काय घडलं, तुम्हाला काय झालं आणि सावरायला किती वेळ लागला. हा तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो. पाहुणे दोन तास बसून गेल्यावर दुसरा अख्खा दिवस अंथरुणात जातो, हे पाहुण्यांना दिसत नाही आणि डॉक्टरांनाही दिसणार नाही.

सापळा: रील्स बघून मग आठवणी शोधू नका. आधी लिहा, मग वाचा. नाहीतर प्रत्येक आठवण त्या साच्यात बसायला लागते.

२. कुणाकडे जायचं

निदान मानसोपचारतज्ज्ञ करू शकतात, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नुसता समुपदेशक करू शकत नाही, कितीही चांगला असला तरी. ऑटिझमची म्हणून जी केंद्रं दिसतात त्यांतली बरीचशी फक्त मुलांची असतात, त्यामुळे जाण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचारा: तुम्ही प्रौढांची तपासणी करता का? किती बैठका लागतील? लेखी रिपोर्ट मिळेल का? फोन जमत नसेल तर मेसेज करा. ज्यांना मेसेज चालत नाही ते आपल्याला किती समजून घेतील याचा अंदाज तिथेच येतो.

पहिल्या भेटीला न्या:
– वही, आणि तिचा एका पानाचा सारांश (डॉक्टर अख्खी वही वाचत नाहीत)
– शाळेची प्रगतिपुस्तकं, विशेषतः शेऱ्यांची पानं
– आधीच्या उपचारांचे कागद, चालू गोळ्यांची नावं
– लहानपण पाहिलेलं माणूस. प्रत्यक्ष शक्य नसेल तर फोनवर

मी पहिल्यांदा जिथे गेले तिथे दहा मिनिटांत उत्तर मिळालं: “तुम्ही डोळ्यांत बघून बोलताय, तुम्हाला कसला ऑटिझम?” मी डोळ्यांत बघत नव्हते, भुवयांच्या मध्ये बघत होते. ही युक्ती मी सातवीत शिकले. असं उत्तर मिळालं तर फी गेली म्हणून हळहळा आणि दुसरीकडे जा. आपण वर्षानुवर्षं जो मुखवटा घडवलेला असतो, ज्याला सगळे मास्किंग म्हणतात, तो तपासणीच्या खोलीतही आपोआप चढतो. विशेषतः बायकांचा. त्यामुळे डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे मी शिकून करते आणि याला इतके कष्ट पडतात.

नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्याची, चंचलपणाची अडचण) आधी निघालं असेल तर ते खोटं ठरत नाही, सोबत असू शकतं. २०१३ आधी ऑटिझम आणि एडीएचडी एकाच माणसाला लावायची नियमाने मुभाच नव्हती, त्यामुळे जुन्या फाइलींत दोन्हींपैकी एकच दिसतं.

आणि मोठा सापळा: ‘बरं करून देणारे’. ऑटिझमवर औषध नाही, कारण तो उतरायचा ताप नाही. सोबतच्या चिंतेवर, झोपेवर औषधं असतात, ती डॉक्टर देतील. स्टेम सेल उपचाराच्या जाहिराती दिसतील. नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही असं म्हटलंय. लाखांचा प्रश्न असतो. आईवडील घाबरलेले असतात तेव्हाच हे लोक दारात येतात.

३. आधी दिवे: घराची झडती

एक रविवार काढा. प्रत्येक खोलीत दहा मिनिटं नुसतं बसा आणि अंगावर काय येतंय ते लिहा.

प्रकाश. जुन्या चोकच्या ट्यूब लुकलुकतात आणि गुणगुणतात. बाकीच्यांना कळत नाही, आपल्याला कळतं, किंवा कळतही नाही आणि संध्याकाळी नुसतं डोकं धरतं. एलईडी घेतानाही दुकानात दिवा लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा घेऊ नका. पांढऱ्याऐवजी पिवळसर घ्या. दुकानदार विचित्र बघेल. बघू द्या.

आवाज. फोमचे इअरप्लग औषधांच्या दुकानात मिळतात. नुसते कानात कोंबले तर उपयोग शून्य. बोटांत वळून सुतळीसारखे बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत घाला आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. त्याहून जास्त हवं असेल तर महागड्या हेडफोनआधी कारखान्यांना सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात जा. हेल्मेट, गमबुटांच्या शेजारी कान झाकणारे इअरमफ टांगलेले असतात, हेडफोनच्या तुलनेत बरेच स्वस्त आणि दणकट. मात्र दिवसभर कान बंद ठेवू नका, शांत खोलीत काढा. नाहीतर साधा चमचा पडला तरी दचकायला होतं.

काही आवाज बंद करता येत नाहीत, पण त्यांची आगाऊ सूचना मिळू शकते. आमच्या घरात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट फुकट आहे. आई बटण दाबण्याआधी हाक मारते, “मिक्सर लावतेय गं!” तेवढ्यात मी दार लोटून घेते. आवाज तेवढाच असतो, पण माहीत असलेला आवाज अर्धा होतो. कुकरचंही तसंच: तीन शिट्ट्या होणार हे ठाऊक असलं की तिसरीनंतर खांदे आपोआप खाली येतात. चौथी झाली तर मात्र मी आईशी भांडते.

कपडे. मानेवरचा टॅग कात्रीने कापू नका, उरलेली कड जास्त टोचते. शिलाई उसवून तो मुळातून काढा. नवा सुती कपडा अंगाला लावण्याआधी दोन-तीनदा धुवा. पैठणीचा जरीचा काठ दंडाला घासतो, म्हणून मी लांब बाह्यांचं, अस्तराचं ब्लाउज शिवून घेतलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा एका लग्नात पूर्णवेळ साडीत राहिले.

वासांचं सविस्तर लिहीत नाही, यादी प्रत्येकाची वेगळी. फिनेल, उदबत्ती, रूम फ्रेशनर यांपासून सुरुवात करा. फोडणीवर इलाज नाही.

४. दिवसाची खतावणी

मी जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्या ऑफिसात आहे, त्यामुळे मला हिशेबाच्याच भाषेत सुचतं. दर महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे आमच्याकडे रणधुमाळी. त्या दिवशी संध्याकाळी मी कुणालाही भेटत नाही, भाजी आणत नाही, दळणसुद्धा टाकायला जात नाही. आधी मला वाटायचं मी आळशी आहे. मग महिनाभर रोज रात्री खर्च लिहिला: कोणत्या गोष्टीने किती थकवलं. निघालं ते अनपेक्षित होतं. काम मला फारसं थकवत नव्हतं. काम करताना येणारे फोन, अचानक बदललेली जागा आणि जेवताना मारायच्या गप्पा थकवत होत्या.

तुम्हीही एक महिना लिहा. मग ज्या दिवशी मोठा खर्च आहे त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नका. ‘काहीही’ म्हणजे आवडीचा कार्यक्रमही नाही. आवडीच्या गोष्टीनेही थकवा येतो, हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना भूक-तहान वेळेवर कळत नाही. चिडचिड झाली की मग लक्षात येतं की सकाळपासून पोटात काही नाही. भुकेची वाट न बघता घड्याळावर जेवा, गजर लावा. आणि एक अडीनडीचं जेवण ठरवून ठेवा, ज्याला विचार लागत नाही आणि ज्याचा स्पर्श जिभेला खुपत नाही. माझं मेतकूट-भात-तूप आहे. सलग बारा दिवस खाल्लंय. डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या, लोहाचं, बी-१२चं काय ते बघा, पण ‘रोज तेच काय खातेस’ याला उत्तर द्यायची गरज नाही.

हाताने काहीतरी करत राहणं, डुलणं, पेन फिरवणं, पदराचं टोक चोळणं, म्हणजे स्टिमिंग, थांबवू नका. मी खिशात गोल गोटा ठेवते. कुणी विचारलं तर नदीतला आहे असं सांगते. खराच आहे नदीतला.

५. लोक बोलतात ते आणि त्यांना म्हणायचं असतं ते

मराठीत सरळ नकार देत नाहीत. हे मला कुणी विशीत सांगितलं असतं तर कितीतरी अपमान वाचले असते. माझ्या वहीतला छोटा कोश देते, आपापल्या गावाप्रमाणे दुरुस्त करा.

‘बघू’ म्हणजे नाही. ‘बघू या नं’ म्हणजेसुद्धा नाही, पण प्रेमाने. ‘करून टाकू’ म्हणजे या महिन्यात होणार नाही. ‘या एकदा घरी’ हे आमंत्रण नाही, निरोप आहे. तारीख सांगितली तरच ते आमंत्रण. (मी एकदा खरोखर गेले होते, रविवारी सकाळी नऊला. त्यांचं तेलाचं डोकं मला अजून आठवतं.) ‘कशाला आणलंत?’ याचं उत्तर कारण देऊन द्यायचं नसतं. ‘जेवून जा’ हे एकदा म्हटलं तर रीत, तिसऱ्यांदा म्हटलं तर खरं. ‘तुला काय वाटतं, कशी दिसतेय साडी?’ याला एकच उत्तर आहे आणि ते साडीवर अवलंबून नाही.

हे सगळं पाठ करणं म्हणजे आपण कमी आणि ते बरोबर असं नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: आम्हाला तुमचं कळत नाही तसं तुम्हालाही आमचं कळत नाही. फक्त कोश आम्हालाच करावा लागतो, कारण आम्ही संख्येने कमी.

फोनचं. करायचाच असेल तर पहिली तीन वाक्यं कागदावर लिहा, शेवटचं वाक्यही लिहा. मधलं आपोआप जमतं. फोन ठेवायचा कसा इथेच अडकायला होतं. माझं शेवटचं वाक्य: “बरं, मग एवढंच होतं, ठेवते.”

६. ऑफिसात काय मागायचं

‘मी ऑटिस्टिक आहे’ हे सांगण्याआधी ‘मला हे लागतं’ हे सांगून बघा. निम्म्या गोष्टींना निदान लागतच नाही. मी सरांना एवढंच म्हटलं, “सर, तोंडी सांगितलेलं माझ्याकडून निसटतं. मेसेज केलात तर चूक होणार नाही.” त्यांना ते आवडलं, कारण चुका त्यांनाही नको होत्या. मग भिंतीकडे पाठ असलेली जागा मागितली. मग जेवणाची सुट्टी अर्धा तास उशिरा, म्हणजे डबे उघडलेली खोली रिकामी मिळते.

मागणी लेखी करा, एका वेळी एकच करा आणि तिने काम कसं सुधारेल ते लिहा. ‘मला त्रास होतो’पेक्षा ‘फाइल वेळेत जाईल’ हे लवकर मंजूर होतं. मला हे फारसं न्याय्य वाटत नाही, पण चालतं.

निदान सांगायचं ठरवलंत तर कायदा माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे. सरकारी आस्थापनेवर कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देण्याचं बंधन आहे. समान संधी धोरण खासगी आस्थापनेनेही करायचं असतं. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते जास्त तपशिलाने. एचआरकडे त्याची प्रत मागा. नुसती मागितल्यानेही कधी कधी सूर बदलतो.

सापळा: चहाच्या टेबलावर एका मैत्रिणीला विश्वासाने सांगू नका. ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि त्यानंतर तुम्ही साधी चिडलात तरी ‘ते तसं आहे ना तिला’.

७. घरी, नात्यात, सणात

घरात ज्यांच्यासोबत राहता त्यांना सांगा. बाकीच्यांना सोय सांगा, नाव सांगू नका. माझ्या आईला निदान ऐकून पहिल्यांदा वाटलं की तिचंच काही चुकलं. तिला मी एकच गोष्ट सांगितली, की आईच्या वागण्याने ऑटिझम होतो हे जुनं मत कधीच मोडीत निघालंय. ती रात्री उशिरा म्हणाली, “तुझे बाबाही लग्नात मांडवाबाहेर उभे राहायचे.” पुढे आम्ही त्यावर बोललो नाही.

लग्नाला जायचंच असेल तर सुटसुटीत मार्ग: मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, अक्षता पडल्या की आहेर द्या, पहिल्या पंगतीला बसा, निघा. वधूवरांबरोबर फोटो झाला की तुम्ही पूर्ण वेळ होतात असंच सगळ्यांना आठवतं. हळदीला मी जात नाही. डीजेसमोर नातं टिकत नाही.

पुण्यात राहत असाल तर अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त जूनमध्येच करा. मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते. मी आत्याकडे रत्नागिरीजवळच्या गावी जाते. तिकडे बहुतेक घरचे गणपती गौरींबरोबरच गेलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी गावात फक्त समुद्र वाजतो. जाता येत नसेल तर रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली, खिडकीला जाड गोधडी, इअरप्लगवर इअरमफ. एरवीसाठी लक्षात ठेवा: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तक्रार ११२ वर करता येते. गल्लीतल्या मंडळाशी स्वतः बोलायला जाऊ नका, सोसायटीच्या सेक्रेटरीला पुढे करा.

८. कोसळायची वेळ आली तर

मेल्टडाऊन म्हणजे बांध फुटणं: रडू, ओरडणं, हात आपटणं. शटडाऊन म्हणजे वीज जाणं: बोलता येत नाही, हलावंसं वाटत नाही. दोन्ही नाटक नाहीत आणि दोन्हीत ‘शांत हो’ म्हटल्याने कुणी शांत होत नाही. तयारी बऱ्या दिवशीच करून ठेवा. पर्समध्ये इअरप्लग, पाणी, शेंगदाण्याची चिक्की, गॉगल, आणि एक चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय: ‘मी ऑटिस्टिक आहे. मला आत्ता बोलता येत नाही. मला हात लावू नका. शांत जागी बसू द्या, वीस मिनिटांत ठीक होईन. गरज वाटल्यास या नंबरवर फोन करा.’ मराठीत आणि हिंदीत. चार वर्षांत दोनदा वापरली, एकदा स्वारगेटच्या स्टँडवर. कंडक्टरने वाचली, काही न बोलता मला कंट्रोल केबिनच्या मागच्या बाकावर बसवलं आणि माझी गाडी सुटताना हाताने खूण केली.

हे वरचेवर व्हायला लागलं, किंवा जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन करणं अशक्य वाटत असेल तर घरच्या माणसाला करायला सांगा.

९. शेवटी कागद: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

डॉक्टरांचा रिपोर्ट आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सांगतो तुम्ही कोण. दुसरं सांगतं सरकार तुम्हाला किती टक्के मानतं.

प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन कार्ड’ पोर्टलवर होतो, त्याला फी नाही. रुग्णालयाच्या गेटवर ‘काम करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडून फार तर झेरॉक्स काढून घ्या. लागतं हे: आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठ्याचं स्कॅन. फॉर्ममध्ये रुग्णालय निवडता येतं, पावती मिळते, ती आणि सगळ्या रिपोर्टच्या मूळ प्रती घेऊन जायचं. ऑटिझमच्या तपासणीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या. मी ते न विचारता गेले आणि दोन रजा घालवल्या.

तपासणी ‘इसा’ नावाच्या भारतीय मोजपट्टीवर होते. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली गेली तर त्या मोजपट्टीप्रमाणे ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. बोलणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाचे गुण तिच्यावर कमी पडतात. मी पहिल्या खेपेला इस्त्रीचा कुर्ता घालून, मुलाखतीला गेल्यासारखी हसत उत्तरं देऊन आले आणि ७०च्या खाली गेले. खोटं बोलू नका, पण नटूही नका. ‘बाजारहाट करता का?’ याचं उत्तर नुसतं ‘हो’ नाही; ‘यादी घेऊन, सकाळी सातला, एकाच दुकानात, आणि दुकान बंद असेल तर काही न घेता परत येते’ हे आहे. सोबत आई किंवा भाऊ असेल तर त्यांनाही हे सांगून ठेवा, कारण घरचे कौतुकाच्या भरात ‘ती सगळं करते हो’ म्हणून मोकळे होतात. निर्णय पटला नाही तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. मी केलं.

४० टक्के ही रेघ महत्त्वाची. ४० किंवा जास्त असेल तर सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण (त्यातला १ टक्का ऑटिझमसह काही प्रकारांना मिळून), सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणातलं ५ टक्के, आणि जुनी करपद्धत घेतलीत तर उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ऑटिझमसाठी त्याचा फॉर्म वेगळा असतो. सीएला आठवण करा, त्यांच्याही लक्षात नसतं (हे मी त्याच ऑफिसात बसून सांगतेय). केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना १ लाखापर्यंतची आहे, तिलाही प्रमाणपत्र लागतं. ४० टक्क्यांच्या खाली राहिलात तरी सगळं संपत नाही: विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की वाजवी सोयींचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही.

पालकांसाठी एक. मूल १८ वर्षांचं झालं की कुणीतरी सांगतं, ‘कायदेशीर पालकत्व घेऊन टाका.’ ज्या माणसाला स्वतःचे निर्णय घेता येतात, थोडी मदत लागली तरी घेता येतात, त्याच्यावर ते लादू नका. बँकेत खातं, मालमत्ता हे हक्क कायद्याने त्याचेच आहेत. बँकेतल्या माणसाने अडवलं तर त्याला नकार लेखी द्यायला सांगा. बहुतेकदा तिथेच काम होतं.

कार्ड ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यावर निळं. आलं की नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय का ते लगेच बघा. माझ्या आडनावातला एक अनुस्वार दुरुस्त व्हायला सहा महिने लागले. मूळ कार्ड कुणाकडेही सोडू नका. झेरॉक्स द्याल तेव्हा तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख आणि सही, आणि कुणाला कधी दिली ते वहीत टिपून ठेवा.